बनूमार्फत

हर्षदा शेलार चिरसड्याची चढण चढत होती आणि तिच्या पिशवीतल्या टॅबवर एका पावणेतीन वर्षांच्या मुलीला आईपासून वेगळं करण्याचा आदेश होता.

आदेशात ‘वेगळं करणं’ असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. ‘भाषासमृद्ध वातावरणात स्थलांतर’ असे शब्द होते. सोमवारी खालच्या डांबरी रस्त्यावर गाडी येणार, बनू ढेबेला तालुक्याच्या अंकुर निवासात नेणार, आईने महिन्यातून एकदा तिला भेटायला जायचं आणि मुलगी पहिलीत गेली की पुनर्विचार व्हायचा.

हर्षदा अक्षरबीज योजनेची घरभेट कार्यकर्ती होती. सड्यावरच्या, म्हणजे त्या कातळी पठारावरच्या धनगरवाड्यांत तिला पुस्तकवाली ताई म्हणत. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे चालत जायचं, लहान मुलांच्या घरी बसायचं, चित्रांची पुस्तकं उघडायची आणि मुलाशी कसं बोलावं ते आईबापाला दाखवायचं, हे तिचं काम. त्याआधी तिने कंत्राटावर शाळेत शिकवलं होतं. चौथीतली मुलं अक्षराला अक्षर जोडून वाक्य वाचत आणि वाक्यात काय होतं ते सांगू शकत नसत. ही गोष्ट शाळेच्या दारात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी घरात ठरते, हे तिला पटलं होतं म्हणून ती या योजनेत आली. योजना वाईट नव्हती. पुढे तिला सर्वांत जास्त डाचलं ते हेच.

शास्त्रही पक्कं होतं. पहिल्या तीन वर्षांत मुलाच्या मेंदूत भाषेच्या वाटा पडतात. त्या नुसते शब्द कानावर पडून पडत नाहीत. घरात दिवसभर टीव्ही चालू असला तरी काही उपयोग नसतो. कुणीतरी मुलाशी बोलावं लागतं, मुलाने काहीबाही उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तराला पुन्हा उत्तर मिळावं लागतं. ही देवाणघेवाण जितकी जास्त, तितकं पुढे वाचणं सोपं. प्रश्न एवढाच होता की दूरदूरच्या घरांतली देवाणघेवाण मोजायची कशी. त्याचं उत्तर म्हणून शब्दबिल्ला आला. सदऱ्याच्या बटणाएवढा, अंगाच्या उबेवर चालणारा, मुलाच्या कपड्याला टाचायचा. आतली चिप घरातलं बोलणं ऐके, त्याची वर्गवारी करी, आकडा ठेवी आणि आवाज पुसून टाकी.

वर्गवारीसाठी तिला तीन चाळण्या होत्या. पहिली सुराची. लहान मुलाशी बोलताना जगभरची माणसं आवाज चढवतात, स्वर लांबवतात. म्हणून सपाट सुरातलं वाक्य हे मोठ्यांचं मोठ्यांशी बोलणं समजायचं. दुसरी उत्तराची. मूल ज्याच्याशी बोललं, त्यानेच त्याला उलट उत्तर दिलं तर संवाद, नाहीतर नाही. तिसरी नकलेची. नुकतेच कानावर पडलेले शब्द मुलाने पुन्हा उच्चारले तर ती पोपटपंची, तिला भाषा धरायचं नाही. तिन्हींतून खाली पडेल ते मुलाच्या वाट्याचं बोलणं. पुरेसं असेल तर बिल्ल्यावरचा दिवा हिरवा, कमी असेल तर पिवळा, जवळजवळ नसेलच तर लाल.

बनूचा दिवा पावसाळ्यापासून लाल होता.

ढेब्यांचं घर आणि गोठा एकाच छपराखाली. आत सानिका, बनूची आई, ताक घुसळत होती. बाहेर ओट्यावर तिचे सासरे, धाकलूआबा, दावं वळत बसले होते. बनूचा बाप चिपळूणला डेअरीत कामाला. त्याने फोनवर ‘आबा म्हणतील तसं’ एवढंच सांगून टाकलं होतं. बनू उंबऱ्यावर उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

हर्षदाने आदेश वाचून दाखवला. मग साध्या भाषेत पुन्हा सांगितला. आत रवी थांबली.

“बनू, आज्याला सांग,” सानिका म्हणाली. तिने हर्षदाकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडेही नाही. “म्हनावं, माजी पोर म्या कुटं पाठवायची न्हाय.”

त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे, सासराही सुनेशी बोलत नसे. पूर्वी मधे नवरा असे. तो चिपळूणला गेला आणि तेवढ्यात बनूला वाचा फुटली, तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं बनूमार्फत चाले. आबा हातभर अंतरावर होते. सुनेचं वाक्य त्यांच्या कानावर आदळलं असणार. तरी त्यांनी मान वर केली नाही. बनूने सांगेपर्यंत ते ऐकू आलेलं नसतं, असा त्या घराचा रिवाज होता.

बनू वळली. “आज्या, आय म्हनती, पोर कुटं पाठवायची न्हाय.”

“आयला सांग, सरकारचं काम हाय. आडवं लावलं तर उद्या रेशनबी बंद करतील. तिच्या बापाच्या घरी चालत आसंल आसला हट्ट, हितं न्हाय चालायचा.”

बनू आत वळली. क्षणभर थांबली. “आये, सरकार रेशन बंद करंल. आज्या म्हनतो, हट्ट नगं.”

बापाच्या घराचा उल्लेख तिने वाटेतच टाकून दिला होता. हर्षदाने टॅबवरून नजर उचलली.

“म्हनावं, तुमचं काळीज दगडाचं हाय,” सानिका म्हणाली आणि तिने तोंडावर पदर घेतला.

बनू या वेळी बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग उंबरा ओलांडून आजोबांच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “आज्या, आय रडती.”

आबांच्या हातातलं दावं सुटलं.

हर्षदा वर्षभर या घरात येत होती. हे इकडून तिकडे चाललेलं बोलणं तिने दर खेपेला ऐकलं होतं, आणि दर खेपेला मांडीवर पुस्तक धरून ते संपायची वाट पाहिली होती, म्हणजे मग मुख्य काम सुरू करता येईल. तिच्या लेखी हे लाजऱ्या माणसांचं घर होतं, मुलीशी फारसं न बोलणारं. आज तिच्या डोळ्यांसमोर तीन वर्षंही पुरी न झालेल्या मुलीने एक भांडण चालवलं, त्यातलं विष काढून घेतलं आणि एका शिवीचा खरा अर्थ ओळखून तेवढाच पोचवला. आणि तिच्या छातीवरचा दिवा लालच होता. सूर सपाट, म्हणून आईचं वाक्य बाद. बनू बोलली आजोबांशी आणि आजोबांचं उत्तर होतं आईसाठी, म्हणून संवाद बाद. शब्द ऐकलेले, म्हणून बनूचं बोलणं ही पोपटपंची. त्या घरात बनूशिवाय एक वाक्य हलत नव्हतं आणि यंत्राच्या हिशेबी तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला गेली. प्रकल्प समन्वयक हेमंत वाघोलीकर सज्जन माणूस होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सगळं मधे न तोडता ऐकून घेतलं.

“यंत्र चुकतंय, साहेब.”

“चुकतं ना. किती टक्के चुकतं तेही आपल्याला माहीत आहे.”

“मी टक्क्यांबद्दल नाही बोलत. बनूबद्दल बोलतेय.”

“हर्षदाताई, ते बोलणं तिच्याशी नाही. तिच्यातून आहे.”

“कळल्याशिवाय निरोप पोचवता येतो का? तुम्ही शिपायाला निरोप सांगता तो सरळ पोचतो का बघा.”

वाघोलीकर हसले. “ध्वनिमुद्रण आहे काही?”

“तुमचा बिल्ला आवाज पुसून टाकतो.”

“कुटुंबाच्या गोपनीयतेसाठी.”

“आणि माझ्या फोनवर घ्यायला करारात बंदी आहे.”

“तीसुद्धा गोपनीयतेसाठीच.” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा खेद होता. “सोपं करा ना. त्यांना थेट बोलायला सांगा. सून-सासऱ्याने एकमेकांशी, आईने मुलीशी. नाहीतरी ही जुनाट चाल आहे, बाईला गप्प बसवणारी. मोडली तर बरंच होईल. पुढच्या आढाव्यापर्यंत मी आदेश थांबवतो.”

ते खोटं नव्हतं, हे हर्षदालाही माहीत होतं. परतीच्या एसटीत मात्र तिच्या डोक्यात संताप उकळायला लागला. बहिरं कोण होतं ते उघड होतं. तरी यंत्राच्या कानाला कुणी हात लावणार नव्हतं. घराने तोंड बदलायचं होतं.

पण मुलगी वाचवायची होती. हर्षदाने घराला शिकवणी लावली.

“सूर वर न्यायचा,” ती सानिकाला म्हणाली. “असं. बनूऽऽ, हा बघ काऽऽवळा!”

सानिकाने मान खाली घालून म्हणून पाहिलं. वरच्या घरची चिमाबाई दारात उभी राहून पोट धरून हसायला लागली. “आगं, कावळा काय पैल्यांदा बघती का ती? रोज भाकर पळिवतो तिची!”

“हसू नगा चिमाबाय,” सानिका म्हणाली. “पोर ऱ्हातीय का जातीय, हितं जीव टांगलाय माजा.”

चिमाबाईचं हसू जागच्या जागी विझलं. मग तिनेही पुढे येऊन एकदा “काऽऽवळा” म्हणून पाहिलं.

आबांचं काम जास्त अवघड होतं. ते कितीतरी वेळ घसा खाकरत बसले. शेवटी छपराच्या वाशाकडे बघत म्हणाले, “सूनबाई... च्या झाला का?”

“व्हय जी,” आतून आवाज आला, जेमतेम.

बनू सवयीने उंबऱ्यावर वळली होती. “आज्या, आय म्हनती...”

हर्षदाने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. “राहू दे बाळा. त्यांना ऐकू आलं.”

पुढच्या आढाव्याला दिवा हिरवा होता. वाघोलीकरांचा संदेश आला: ‘अभिनंदन! चिरसडा हिरवा!’ आदेश रद्द झाला. मासिक बैठकीत हर्षदाला उभं करून टाळ्या वाजवल्या गेल्या, आणि धनगरवाड्यातल्या एका सुनेला वाचा मिळाल्याची गोष्ट वाघोलीकरांनी मनापासून सांगितली. हर्षदालाही टाळ्या बऱ्या वाटल्या.

त्यानंतर ती सड्यावर गेली तेव्हा बनू ओट्यावर चित्रांची पुठ्ठ्याची पानं मांडून बसली होती.

“हे काय गं, बनू?”

“म्हस.”

“काय करते म्हैस?”

“म्हस.”

“आणि आपली म्हैस कुठाय?”

बनूने गोठ्याकडे बोट केलं. छातीवरचा दिवा हिरवागार होता. पानावर बोट, बोटावर शब्द, शब्दाला आईची शाबासकी. यंत्राला हवं होतं ते सगळं तिथे होतं.

“ताई, पोर गप झाली,” सानिका म्हणाली. ती आता सासऱ्यांसमोरही बोलत होती, अजून जराशी अडखळत. “इचारलं तर तेवढं सांगती. दिवा हिरवा लागतोय म्हनून म्या बोलले न्हाय तुमाला. परवा आबांनी इचारलं, रेडकू प्यालं का. म्या म्हनलं, प्यालं. ही मधी हुबी. माज्या तोंडाकडं बघितलं, आबांच्या तोंडाकडं बघितलं, आन् गेली गोठ्यात. कामावरनं काढलेल्या मानसागत.”

हर्षदाला बनूच्या ओठांवर ठेवलेलं आपलं बोट आठवलं. ओठ कसे लगेच मिटले होते, तेही.

“मला खरं ते सांगू द्या,” ती म्हणाली. “बिल्ला राहिला तर ती इथे राहील. तो त्याला हवं तेच बोलवून घेणार, आणि ती अशीच होत जाईल. काढला तर आकडा जायचा बंद होईल. आकडा बंद म्हणजे त्यांच्या लेखी लाल. गाडी पुन्हा येईल. मी काढा म्हणणार नाही. ठेवा असंही मला आता म्हणवत नाही.”

“तुमची नोकरी?”

“ते माझं मी बघेन.”

आबांनी सुनेकडे पाहिलं. “तू आय हाईस,” ते म्हणाले. “तू सांग.”

सानिका बनूजवळ जाऊन बसली. “हिला हितं ठिवायची म्हनून आपन हिला गप केली,” ती म्हणाली. “मंग ठिवली ती कोन?” आणि तिने टाचणी उघडली. तळहातावर दिवा थोडा वेळ हिरवाच राहिला, मग विझला.

ती लगेच लेकीकडे वळली, अधीर होऊन. “बनू, आज्याला सांग, म्हनावं...”

बनूने तिच्याकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. “त्याला ऐकू येतं,” ती म्हणाली.

एकदा मोडलेली भीड पुन्हा सांधता येत नाही, हे त्या तिघांनाही एकदमच कळलं. नाटक केलं असतं तर ते बनूनेच आधी ओळखलं असतं.

“खरं हाय, बाय,” आबा शेवटी म्हणाले. “मला येतं ऐकू. पर त्या वरच्या घराला न्हाय येत.” त्यांनी चढावरच्या घराकडे हात केला. “चिमाबाईला जाऊन सांग, आमचं इरजन संपलं. आन् इचार, तुजी म्हस कदी विनार. काय म्हनती ते मला येऊन सांगायचं. माजं गुडघं चालत न्हाईत.”

बनू उठली. एकदा मागे वळून आजोबा खरंच बसून आहेत ना ते तिने पाहिलं आणि चालू लागली. सगळे ओट्यावरून तिच्याकडे बघत राहिले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती आणि तोंड लांबूनच सुरू झालं होतं. “आज्या, चिमाबाय म्हनती, म्हस आवसंला विनार. आन् ती म्हनती, इरजन देते पर म्हातारा दर बारीला संपवतो. आन् तिच्या पायात काटा हाय. म्या बघितला. निघत न्हाय.”

तेव्हापासून धनगरवाड्याचे निरोप बनूकडे आले. माणसं मुद्दाम देत, हे खरं; पण निरोप खरे होते.

बिल्ला बंद पडल्याची नोंद आपोआप झाली. हर्षदाला बोलावणं आलं. तिने काय केलं ते सरळ सांगितलं आणि तिला कामावरून थांबवण्यात आलं. मग ठरल्या दिवशी खाली गाडी आली. निवासाच्या बाई गाडीतच बसल्या आणि वाघोलीकर स्वतः चढण चढून वर आले. हे काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही, एवढी त्यांची नीती होती. हर्षदा आधीच ओट्यावर येऊन बसली होती. आता तिला कुणी पाठवलेलं नव्हतं.

“माझ्या हातात काही नाही, हर्षदाताई,” ते धापा टाकत म्हणाले. “बिल्ला नाही म्हणजे आकडा नाही. आकडा नाही म्हणजे लाल.”

“मुलगी इथे आहे. तिच्याशी बोलून बघा.”

“माझ्या मताला किंमत नाही. म्हणून तर यंत्र आणलं. माणसं पक्षपात करतात.”

“साहेब,” आबा म्हणाले, “सूनबाई न्हाय म्हनती. म्हंजी घर न्हाय म्हनतं.”

“आदेश आहे, आबा. मुलीच्या भल्याचा आहे. आईला नीट समजवायला हवं.”

सानिका आत खांबाला धरून उभी होती. ती बाहेर येत नव्हती.

“मग कळवा तिला,” हर्षदा म्हणाली. “पण टॅबवर नको. ज्या मुलीला भाषा नाही असं तुमचं म्हणणं आहे, तिच्याकडे निरोप द्या. ती इथले सगळे निरोप नेते. एकही चुकत नाही.”

वाघोलीकर हसले. मग हर्षदा हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

बनू पुढे आली. पाहुण्याच्या समोर, पण जरा अंतर ठेवून उभी राहिली, हात मागे बांधून. निरोप घेताना ती अशीच उभी राही. तिने त्यांच्या तोंडाकडे नजर लावली.

“काय सांगू आयला?”

“बाळ,” वाघोलीकर म्हणाले, “आईला सांग... की तुला आम्ही एका भाषासमृद्ध...” ते थांबले. बनूचे ओठ ते शब्द जुळवायला हलले आणि तिथेच थबकले. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. “आईला सांग, की तुझं स्थलांतर...”

योजनेकडे शब्द पुष्कळ होते. त्यातला एकही या मुलीच्या तोंडी देता येत नव्हता. जे शब्द तिला सहज उचलता आले असते, ते अगदी साधे होते. ‘बनूला घेऊन जातो’, एवढेच. ते वाघोलीकरांच्या तोंडून निघेनात.

“कुनाला नेनार?” बनूने विचारलं. निरोप अर्धवट असला की ती विचारून घेई.

त्यांनी चष्मा काढून पुसला. आबांकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं. मधे पडायला कुणीही पुढे आलं नाही.

“सांग की,” बनू समजुतीच्या सुरात म्हणाली. “म्या नीट सांगती.”

वाघोलीकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बनू वाट बघत उभी राहिली.